माणिक घेताना आधी खडा तपासा, रंगावर नंतर भाळा: गुजरीतल्या कारागिराची सविस्तर गाईड

परवा एक ताई अंगठी आवळून घ्यायला आल्या. वर टपोरा लाल खडा, "माणिक आहे, सव्वापाच रत्ती, ओरिजनल, कार्ड पण आहे." मी लूप (डोळ्याला लावायचं छोटं भिंग) लावला, दोन मिनिटं बघितलं आणि अंगठी तशीच परत दिली, कारण खड्याच्या भेगांत काच भरलेली होती आणि मी ज्योत मारली असती तर खडा माझ्याच हातात गेला असता. मागं एकदा असं झालेलं आहे. न बघता झाळायला घेतली, खडा डोळ्यांदेखत पांढरट पडून जाळीजाळी झाला, आणि गिऱ्हाईक म्हणतंय कारागिरानं खडा बदलला. भरपाई माझ्या खिशातनं.

मी कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, खडे बसवायचं काम करतो, विकत नाही, त्यामुळं तुम्ही कुठला खडा घेता यात मला एक रुपया मिळत नाही. पण जे चुकतं ते शेवटी माझ्याच टेबलावर येतं म्हणून लिहितोय. चूक जवळपास सगळ्यांची एकच असते, क्रम उलटा. आधी वजन ठरवून येतात, मग बजेट सांगतात, मग दुकानातल्या लाईटखाली रंग बघून भाळतात, आणि खड्यावर काय ट्रीटमेंट केलीय हे घरी आल्यावर कुणीतरी सांगतं. खरा क्रम आहे: आधी खडा काय आहे, मग त्याच्यावर काय केलंय, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी वजन. ट्रीटमेंट माहीत नसेल तर रंगाला किंमतच लावता येत नाही, कारण दिसायला सेम लाल असलेले दोन खडे, एक काही शे रुपये कॅरेटचा आणि एक लाखाच्या पुढचा, शेजारी शेजारी ठेवलेले मी बघितलेत.

## टप्पा १: घरातनं निघायच्या आधी

लागणारं सामान थोडंच आहे. १० पट दाखवणारा लूप घ्या, काळ्या किंवा चंदेरी बॉडीचा, सोनेरी नको, सोनेरीचा पिवळा भास खड्यावर पडतो. एक छोटा टॉर्च, पांढऱ्या प्रकाशाचा. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च जमला तर घ्या, पण बाजारात नोटा तपासायचे म्हणून जे मिळतात ते बहुतेक ३९५ चे असतात, त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा असतो की खडा पेटला की टॉर्च पेटलाय ते कळत नाही. एक साधा पांढरा कागद, ए-फोर चालतो, दुकानातलं क्रीम कलरचं मखमली पॅड नको. मऊ सुती फडकं. बास.

आणि हो, कपडे. हसू नका. पांढरा किंवा राखाडी शर्ट घालून जा. लाल, गुलाबी, भगवा घालून गेलात तर तोच रंग खड्यात परत दिसतो आणि तुम्हाला वाटतं खडा काय चमकतोय.

आता वजनाचं. गुरुजींनी "सव्वापाच रत्ती" लिहून दिलंय, ठीक आहे, पण रत्ती एकच नसते. सोनारी हिशोबाची रत्ती म्हणजे गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, म्हणजे ०.६ कॅरेट. राशीचे खडे विकताना जी "पक्की रत्ती" चालते ती साधारण ०.९१ कॅरेटची. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशोबानं ३.२ कॅरेटच्या आसपास येते आणि दुसऱ्यानं ४.८ च्या आसपास. म्हणजे दीड कॅरेटचा फरक, आणि चांगल्या माणकात दीड कॅरेट म्हणजे स्कूटर येईल. त्यामुळं गुरुजींनाच विचारून घ्या कुठली रत्ती, आणि दुकानात बोलताना फक्त कॅरेट बोला. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे जगात सगळीकडं सारखं. अंदाजासाठी लक्षात ठेवा, ७ बाय ५ मिलिमीटरचा अंडाकृती माणिक साधारण १ कॅरेटच्या आसपास भरतो, कटाप्रमाणं थोडं वरखाली.

इशारा: "एवढ्या वजनाचा, एवढ्या पैशात पाहिजे" हे वाक्य काउंटरवर बोलू नका. मोठं वजन आणि छोटं बजेट एकत्र सांगितलं की दुकानदाराकडं एकच माल उरतो, काच भरलेला. तो फसवतोय असंही नाही, तुम्हीच दुसरा रस्ता ठेवला नाही.

## टप्पा २: उजेड आणि वेळ

गुजरीत जा नाहीतर महाद्वार रोडला जा, संध्याकाळी सात वाजता जाऊ नका. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन करून जाता जाता बघू असा प्लॅन असतो सगळ्यांचा, आणि तीच माणिक बघायची सगळ्यात वाईट वेळ. दुकानातले पिवळसर स्पॉटलाईट लाल रंगाला वर ढकलतात, विटकरी झाक असलेला खडा पण त्यात रसरशीत दिसतो. सकाळी दुकानं उघडली की जा, अकरा ते दोन-तीनपर्यंत, आणि खडा दाराशी नेऊन बघायची परवानगी मागा. दुकानातला माणूस बरोबर उभा राहील, राहू दे. दाराशी न्यायला साफ नाही म्हणत असेल तर तिथनं निघा.

थेट उन्हात पण नको, सावलीतला उजेड पाहिजे. ढगाळ दिवस उलट बरा, उजेड एकसारखा असतो. पण पावसाळ्यात आपल्याकडं दुकानांपुढं निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्याखाली लाल खडा जांभळट आणि मरगळलेला दिसतो, चांगला खडा लोक नाकारून जातात. ताडपत्रीच्या बाहेर या, छत्री पण रंगीत असेल तर मिटा.

एक गंमत इथंच सांगतो. काही माणकं दुकानातल्या एलईडीत साधी दिसतात आणि बाहेर आणली की आतनं पेटल्यासारखी दिसतात. माणकाला लाल रंग देणारं क्रोमियम उन्हातल्या अतिनील किरणांनी स्वतः लाल चमकतं, एलईडीत ते किरण जवळपास नसतात. खड्यात लोह जास्त असेल तर ही चमक दबते. म्यानमारच्या मोगोकचे खडे जोरात चमकतात आणि थायलंडचे मंद, त्याचं कारण हेच लोह.

## टप्पा ३: हे माणिकच आहे का

लाल दिसतं म्हणजे माणिक नव्हे. लाल काच, गार्नेट, स्पिनेल आणि फॅक्टरीत बनवलेलं सिंथेटिक माणिक, हे चौघं रांगेत उभे असतात.

यूव्ही टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात मारा. गार्नेट पूर्ण मेल्यासारखं राहतं. माणिक कमी-जास्त लाल चमकतं. पण इथंच लोक फसतात, "लाल पेटला म्हणजे अस्सल" असं नाही, सिंथेटिक माणिक तर नैसर्गिकापेक्षा पण जोरात पेटतं, आणि लाल स्पिनेल पण पेटतं. म्हणजे या टेस्टनं गार्नेट बाजूला काढता येतं, खडा पास करता येत नाही.

डायक्रोस्कोप नावाची बोटाएवढी नळी मिळते, तिच्यातनं माणिक फिरवून बघितलं की शेजारी शेजारी दोन वेगळे लाल दिसतात, एक जांभळट आणि एक नारिंगीकडं झुकलेला. गार्नेट, स्पिनेल आणि काच यांत एकच रंग दिसतो. माझ्या मते लूपनंतर पैसे घालायचे असतील तर यात घाला.

दुकानात कॅरेट काटा असेल आणि माणूस ओळखीचा असेल तर पाण्यात वजन करून बघता येतं. हवेतलं वजन भागिले हवेतलं आणि पाण्यातलं यांच्यातला फरक. समजा हवेत ५ कॅरेट, पाण्यात लोंबकळत ३.७५, फरक १.२५, भागाकार ४. माणकाचा आकडा ४ च्या आसपासच येतो. स्पिनेलचा ३.६ येतो. काही गार्नेटचा पण ४ जवळ येतो म्हणून वरच्या टेस्टसोबत वापरा, एकटी नको.

दुधाची टेस्ट बंद करा. दुधात खडा टाकला आणि दूध गुलाबी दिसलं की अस्सल, हे अजून लोक करतात. लाल काच टाका, तशीच झाक दिसते. काचेवर ओरखडा मारून बघणं पण व्यर्थ, माणकाचा कठीणपणा ९ आहे हे खरं पण सिंथेटिकचा पण ९ च आहे, आणि काच भरलेला खडा पण काचेवर ओरखडा मारतो कारण बाकीचा भाग माणिकच असतो. उगाच खड्याची धार उडते.

चेक: इथपर्यंत तुम्हाला एवढंच कळलंय की खडा कोरंडम आहे, म्हणजे माणिक ज्या दगडाचं बनतं तो. खाणीतला की भट्टीतला हे अजून कळलेलं नाही. पुढं जा.

## टप्पा ४: लूपखाली, इथं घाई करू नका

लूप डोळ्याला चिकटवा आणि खडा लूपच्या जवळ आणा, इंचभर अंतरावर. उलटं करू नका, बरेच जण लूप खड्याजवळ धरून स्वतः लांबनं बघतात, काही दिसत नाही. दोन्ही हात एकमेकाला टेकवा म्हणजे हलणार नाहीत. खडा आधी फडक्यानं पुसा, बोटाचं तेल पण भेगेसारखं दिसतं.

आधी पृष्ठभाग. टॉर्च वरनं तिरका मारा आणि खड्याचा चकचकीत पैलू आरशासारखा झळकेल असं फिरवा. त्या झळकीत बारीक रेघा, नसा दिसतात का, आणि त्या रेघांची चमक आजूबाजूपेक्षा मंद आहे का? तसं असेल तर भेग काचेनं बुजवलेली असण्याची शक्यता जास्त, कारण काच माणकाएवढी पॉलिश घेत नाही. रस्त्यावरच्या डांबरात बुजवलेल्या खड्ड्यासारखं, पॅच वेगळा दिसतोच.

मग आतला भाग. आता टॉर्च बाजूनं किंवा मागनं मारा आणि खडा हळूहळू डोलवा. एका विशिष्ट कोनात भेगेत निळी-जांभळी झाक चमकून गेली, आणि कोन बदलला की गेली, तर ती शिशाची काच. ही चमक एकदा बघितली की विसरत नाही. सोबत भेगेत चपटे, पसरलेले बुडबुडे दिसतात, थाळीत सांडलेल्या तेलाच्या थेंबासारखे. ही काच मुद्दाम शिसं जास्त घालून करतात कारण तिची प्रकाश वळवायची ताकद माणकाच्या जवळ जाते आणि भेगा नजरेला गायब होतात. असा माल २००४ च्या आसपासपासून बाजारात आलाय आणि आता सगळीकडं आहे. खड्याच्या वजनात काचेचं वजन पण धरलेलं असतं, म्हणजे तुम्ही काच कॅरेटनं विकत घेता.

गोल वळणाच्या रेघा. खडा उलटा करून मागच्या बाजूनं बघा, खाली पांढरा कागद, शक्य असेल तर पाण्याच्या वाटीत. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वक्र रेघा दिसल्या, किंवा सुटे गोल बुडबुडे दिसले, तर ते ज्योतीत बनवलेलं सिंथेटिक. निसर्गात वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात वळलेल्या असतात, वक्र नसतात. ही पद्धत व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसानं १९०२ साली जाहीर केली, हे मी इतिहास म्हणून नाही सांगत, यासाठी सांगतोय की "आजीच्या साजातला खडा आहे, तेव्हा कुठं खोटं होतं" हे चालत नाही. शंभर वर्षं जुना दागिना असला तरी त्यात सिंथेटिक किंवा लाल काच असू शकते. कोल्हापुरी साजाच्या पानात माणिक म्हणून बसवलेले खडे मी कितीतरी उकललेत, बऱ्याच वेळा काच निघते. साजाची किंमत त्यानं कमी होत नाही, पण खड्याची वेगळी किंमत लावू नका.

सुयांचं जाळं. आतमध्ये अतिशय बारीक, सरळ, एकमेकांना ठराविक कोनात छेदणाऱ्या सुया दिसल्या, रेशमी धाग्यासारख्या, तर ती चांगली बातमी. त्या सुया अखंड आणि टोकदार असतील तर खडा जास्त उष्णतेत गेलेला नसण्याची शक्यता. तुटून ठिपक्या-ठिपक्यांची रांग झाली असेल तर भट्टीत गेलाय. पण हे सांगतोय ते फक्त तुम्हाला कुतूहल असेल म्हणून. खडा तापवलाय की नाही हे लूपखाली ठरवायचा प्रयत्न तुम्ही करू नका, मी पण करत नाही. ते लॅबचं काम. तुमचं काम लूपखाली काच आणि ज्योतीतलं सिंथेटिक पकडणं, एवढंच, आणि ते जमतं. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या रसायनात, हळूहळू वाढवलेलं महागडं सिंथेटिक लूपला फसवतं, ते पण लॅबवर सोडा.

रंगवलेला माल. जयपूरच्या बाजारात जोबन म्हणतात, रंगीत तेल, भेगांत मुरवलेलं असतं. लूपखाली रंग भेगेतच साचलेला दिसतो, बाकी खडा फिका. दुकानदाराला विचारून कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून खड्याच्या मागच्या बाजूला चोळा, कापूस गुलाबी झाला की विषय संपला. न विचारता करू नका, भांडण होतं.

जोडलेला खडा. वर पातळ नैसर्गिक थर आणि खाली सिंथेटिक माणिक, मध्ये गोंद. पाण्याच्या वाटीत खडा आडवा धरून कडेनं बघा, वरचा आणि खालचा रंग वेगळा दिसतो, जोडाच्या पातळीत चपटे बुडबुडे दिसतात. मागून बंद कोंदणात बसवलेला खडा मला म्हणूनच आवडत नाही, कड दिसत नाही, आणि मागं चमकी पत्रा लावलेला असला तर रंग पत्र्याचा की खड्याचा ते कळत नाही.

चेक: खडा अगदी स्वच्छ, मोठा, रंग एकदम भारी आणि भाव स्वस्त, असे चारही एकत्र आले तर लूप खिशात ठेवा आणि घरी जा.

## टप्पा ५: काउंटरवर काय विचारायचं

"ओरिजनल आहे का ओ?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर नेहमी "एकदम ओरिजनल". आणि तो खोटं बोलत नाही, काच भरलेला खडा पण खाणीतला असतो, नॅचरल असतो. नॅचरल म्हणजे ट्रीटमेंट नाही असं नव्हे. असं विचारा:

"शेठ, हा नुसता हीटेड आहे, का ग्लास फिल्ड, का अनहीटेड? आणि जे असेल ते बिलावर लिहून देणार का?"

दुसऱ्या वाक्यावर चेहरा बघा. नुसतं तोंडी सांगणारा आणि लिहून देणारा यात सगळं आलं.

डोक्यात शिडी अशी ठेवा. सगळ्यात वर अनहीटेड, खाणीतनं आला तसा. खाली हीटेड, १६००-१८०० डिग्रीपर्यंत तापवून रंग आणि स्वच्छता सुधारलेला, हे कायमचं असतं, बाजारातला बहुतेक चांगला माल हाच आणि यात लाज नाही, फक्त भाव अनहीटेडचा देऊ नका. त्याच्या खाली हीटेड पण भेगांत फ्लक्सचा अंश राहिलेला, टाकणखारासारख्या पदार्थात तापवल्यामुळं भेगा भरून येतात आणि थोडी काच आत राहते, किती राहिली त्यावर भाव. त्याच्या खूप, खूप खाली शिशाची काच भरलेला. आणि बाजूला बेरिलियम नावाचं मूलद्रव्य घालून तापवलेला, जो डोळ्यानं किंवा लूपनं कधीच पकडता येत नाही, लॅबला पण खास मशीन लागतं.

"बर्माचा आहे" ऐकून पाघळू नका. म्यानमारच्याच मोंग सूच्या खड्यांना मधोमध निळसर-जांभळा गाभा असतो, तो घालवायला ते सर्रास तापवतात. म्हणजे बर्मा म्हणजे अनहीटेड हे समीकरण चूक. आज बाजारात मोझांबिकचा माल भरपूर आहे, मोंटेपुएझचा साठा २००९ मध्ये सापडला, आणि त्यातले चांगले खडे कुठल्याही बर्माशेजारी ठेवावेत असे आहेत. देशाचं नाव लॅबच्या कागदावर नसेल तर त्याला शून्य रुपये द्या.

## टप्पा ६: आता रंग

इथपर्यंत आलात म्हणजे हातात दोन-तीन खडे उरले असतील ज्यांची ट्रीटमेंट तुम्हाला कळलीय. आता रंग बघायला मजा येते. एकटा खडा कधीच बघू नका, कमीत कमी तीन मागवा, वेगवेगळ्या भावाचे, पण ट्रीटमेंट एकच असलेले. हीटेडची तुलना हीटेडशी.

पांढऱ्या कागदावर ठेवा, सावलीच्या उजेडात, वरनं बघा, हातभर अंतरावरनं. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या, एकत्र नाही.

पहिली, झाक. शुद्ध लालपासून कुठल्या बाजूला झुकलाय? कोकमाच्या सरबतासारखा जांभळट, का राणी कलरकडं, का तांबड्या रश्श्यावरच्या कटासारखा नारिंगी, का विटकरी. हलकी जांभळट झाक चांगल्या खड्यात पण असते, चालते. विटकरी झाक मला सगळ्यात नापसंत, ती दुकानात लपते आणि घरच्या ट्यूबलाईटखाली वर येते. राणी कलरकडं जास्त गेला तर त्याला माणिक म्हणायचं का गुलाबी नीलम, यावर लॅबांचंच एकमत नसतं, म्हणून सीमारेषेवरच्या खड्याला माणकाचा भाव द्यायच्या आधी लॅबच्या कागदावर "रुबी" शब्द आहे का बघा.

दुसरी, गडदपणा. फिका नको, पण काळपट तर अजिबात नको. लोकांना वाटतं जेवढा गडद तेवढा भारी. गडद खडा बोटात घातल्यावर चार फुटावरनं काळा दिसतो. हात लांब करून बघा, लाल राहतो का?

तिसरी, भरपणा, रंगात जीव किती आहे. हे शब्दात सांगणं अवघड आहे, ताज्या सोललेल्या डाळिंबाचा दाणा आणि दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला दाणा, लाल दोन्ही असतात पण फरक कळतो ना, तसं.

आता खडा डावीकडं-उजवीकडं डोलवा आणि वरच्या पृष्ठभागाचे मनात भाग करा. किती भाग लाल चमकतोय, किती काळा पडतोय, आणि मधोमध किती भाग आरपार दिसतोय. आरपार तपासायला खडा छापील कागदावर ठेवा, खालची अक्षरं वाचता आली तर कट उथळ आहे, रंग मधनं गळतोय. मोठं दिसावं म्हणून खडा पसरट कापतात तेव्हा हे होतं. रंगाचे पट्टे पण बघा, बाजूनं एक कोपरा गडद आणि बाकी फिका असला तरी वरनं एकसारखा दिसत असेल तर चालतो, वरनं पट्टा दिसला तर भाव पाडा.

मग खडा दोन बोटांच्या बेचक्यात धरा. शेवटी तो कागदावर नाही, हातावरच दिसणार आहे, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर फिका खडा उठत नाही.

इशारा: लाल रंग सलग बघत बसलं की डोळा थकतो आणि पाचवा खडा पहिल्यापेक्षा फिका वाटायला लागतो. दर दोन-तीन खड्यांनंतर मिनिटभर राखाडी किंवा हिरवं काहीतरी बघा, चहा घ्या, रस्त्यावर बघा. दुकानदार सगळ्यात भारी खडा मुद्दाम सगळ्यात आधी दाखवतो किंवा एखादा भिकार खडा आधी दाखवून मग मधला दाखवतो, दोन्हीवर औषध हेच, परत सगळे खडे उलट्या क्रमानं बघा.

"पिजन ब्लड" (कबुतराच्या रक्तासारखा लाल) शब्दाबद्दल एकच वाक्य: तो लॅबच्या कागदावर असेल तर कुठली लॅब ते विचारा, प्रत्येक लॅबचा निकष वेगळा आहे, आणि नुसता दुकानदाराच्या तोंडी असेल तर सोडून द्या.

बजेट कमी आहे आणि वजन मोठंच पाहिजे, असं असेल तर माझा सल्ला, आपल्या कर्नाटकातला अपारदर्शक, घुमटाकार कापलेला माणिक घ्या. रंग जांभळट-तपकिरी, आरपार दिसत नाही, शोभेला फार नाही, पण काच भरलेल्या चमकदार खड्यापेक्षा प्रामाणिक आहे. फक्त कापसाची टेस्ट करा, हे पण रंगवतात.

## टप्पा ७: कागद

खडा सुटा असतानाच लॅबला पाठवा, अंगठीत बसवल्यावर नाही. बसवलेल्या खड्याचं वजन लॅब अंदाजे लिहिते आणि कोंदणाखालचा भाग बघता येत नाही. जयपूरची जुनी जीटीएल, जी आता आयआयजीजे-आरएलसी नावानं चालते, मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, अशा ठिकाणी पाठवता येतो. फार महागडा खडा असेल तर जीआरएस, गुबेलिन, एसएसईएफ या परदेशी लॅबांचे रिपोर्ट चालतात. दुकानदाराला सांगा, विसार देतो, रिपोर्टमध्ये तुम्ही सांगितलेलंच आलं तर बाकी पैसे, नाहीतर विसार परत. लिहून घ्या.

रिपोर्ट हातात आला की लोक "नॅचरल रुबी" एवढं वाचून खूश होतात. थांबा. खाली "कमेंट्स" नावाची ओळ असते, सगळा जीव तिच्यात असतो. "नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" म्हणजे तापवल्याची खूण नाही. "इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" म्हणजे हीटेड. "रेसिड्यू" शब्द आला की फ्लक्सचा अंश, पुढं मायनर, मॉडरेट, सिग्निफिकंट बघा. "ग्लास फिल्ड", "लेड ग्लास", "कॉम्पोझिट" यातलं काही आलं की शिडीचा तळ. आणि कमेंट्सची ओळच नसलेलं लॅमिनेटेड कार्ड, फक्त नाव-वजन-फोटो, हा रिपोर्ट नाही, व्हिजिटिंग कार्ड आहे.

मग नंबर लॅबच्या वेबसाईटवर टाका, कार्डावरचा क्यूआर स्कॅन करून समाधान मानू नका, वेबसाईटचा पत्ता स्वतः टाईप करा. वजन कॅरेटच्या दोन दशांशापर्यंत जुळलं पाहिजे, मिलिमीटर जुळले पाहिजेत. कार्ड खरं आणि खडा दुसराच, असं पण होतं.

हॉलमार्कची गल्लत करू नका. सोन्यावरचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा, तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, बीआयएस केअर ॲपवर तपासा, पण खड्याशी त्याचा काही संबंध नाही.

## टप्पा ८: बिल आणि बसवणं

बिलावर या गोष्टी पाहिजेत: "नॅचरल रुबी", कॅरेटमध्ये वजन, ट्रीटमेंट स्पष्ट शब्दात, रिपोर्ट नंबर, खड्याची किंमत वेगळी आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं. खड्यासकट वजन करून सोन्याचा भाव लावला तर एक कॅरेटमागं ०.२ ग्रॅम सोन्याचे पैसे फुकट जातात. बिल असेल तर पुढं वाद झाला तरी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. बिल नसेल तर माझ्यासारख्या कारागिराशी भांडायला येता.

बसवायला देताना रिपोर्टची झेरॉक्स कारागिराला दाखवा, लपवू नका. आम्ही अंगठी आधी पूर्ण करतो, झाळून, उजळून, आणि खडा सगळ्यात शेवटी थंड अंगठीत बसवतो. हीटेड खडा ज्योतीपासून तसा बऱ्यापैकी तग धरतो, पण सवागी (झाळताना लावतात तो टाकणखार) लागलेली असताना तापला तर त्याचाही पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. काच भरलेला ज्योतीत जातो, उजळायच्या तेजाबात जातो, घरी लिंबू-चिंचेनं घासला तरी भेगा हळूहळू पांढऱ्या पडतात, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये पण नको. असा खडा आधीच घेतला असेल तर ओल्या फडक्यानं पुसा आणि अंगठी सैल-घट्ट करायची वेळ आली तर आधी सांगा, "खडा काढून मग काम करा." काढायचे-बसवायचे थोडे पैसे जास्त लागतील, ते द्या. आणि अंगठी देताना माझ्यासमोर लूपखाली खड्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नेताना तोच डाग, तीच सुई जुळवून बघा. मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.